चोपन्न मुलींसमोर

टेमघर, भिवंडी
१२ जुलै २०२५

ती. कमळआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आई फोन देत नाही, म्हणून हे पत्र. नववीच्या मुलीला फोन कशाला, यावर ती ठाम आहे.

बातमी अशी, की आमच्या कॉन्व्हेंटचे चित्रकलेचे लोपीस सर माझ्यावर खूश आहेत. शाळा सुटल्यावर ते आम्हा सहा मुलींना चॅपेलमध्ये नेतात आणि मेरीमातेच्या मूर्तीचे नुसते हात काढायला लावतात. चेहरा कुणालाही जमतो, माणूस हातात सापडतो, असं ते म्हणतात. वीस वेळा काढून झाले. एकविसाव्या चित्राखाली त्यांनी चक्क सही केली! नोव्हेंबरअखेर ते रिटायर होणार. त्याआधी हॉलमध्ये त्यांच्या विद्यार्थिनींचं प्रदर्शन आहे आणि मांडणीची ड्युटी माझ्याकडे. मला आर्ट कॉलेजला जायचंय हे ऐकून ते म्हणाले, जाशीलच, मी तयारी करून घेईन.

तूही याच शाळेत होतीस ना, नववीपर्यंत? तुला हे सर होते का? पप्पांना विचारलं, तर ते पंप बघून येतो म्हणून उठून गेले. पंप तर गेल्या आठवड्यापासून बंदच आहे.

आहे ती माया राहू दे, आणि उत्तर चांगलं लांबलचक पाठव.

तुझी,
मृणाली


गणेशपुरी
२१ जुलै २०२५

चि. मृणालीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे. घरी कुणाला दाखवू नकोस.

होते. मला हेच सर होते.

साल १९९७, नववी ब. मीही त्याच चॅपेलमध्ये तेच हात काढले. स्पर्धेसाठी मी घरी एक चित्र केलं, तुझी आजी कोलंबी सोलताना. नुसते तिचे हात काढायला मला आठ दिवस लागले. सरांनी ते वर्गात उंच धरलं. मला वाटलं, कौतुक करणार. त्यांनी विचारलं, टेमघरच्या कोलंबीवालीच्या पोरीला असे हात जमतात होय? कुठल्या मासिकावरून उतरवलंस? मी सांगितलं, माझंच आहे सर. ते म्हणाले, हा हात तुझा नाही. आणि चोपन्न मुलींसमोर त्यांनी ते मधोमध फाडलं. पुढच्या बाकावरच्या दोघींनी नाकाला रुमाल लावले होते, ते मला अजून दिसतात.

आप्पांना शाळेत बोलावलं. मुलीनं चोरी केली, अशा माफीच्या कागदावर त्यांचा अंगठा घेतला. आप्पांनी मला घरी आणलं ते कायमचं. तुझे पप्पा तेव्हा सतरा वर्षांचे. मी चित्र काढताना आठही दिवस दादा शेजारी बसून असायचा. पण शाळेत येऊन तो एक शब्द बोलला नाही. म्हणून तो पंप बघायला जातो.

अठ्ठावीस वर्षं मी भात लावते, देवळापाशी नारळ-फुलांचं दुकान चालवते, आणि एक दिवस असा गेला नाही की त्या माणसाला मनात समोर उभं केलं नाही. दोन्ही तुकडे सोबत पाठवते. प्रदर्शनात लाव. चिकटवू नकोस, फट दिसू दे. खाली नाव घालू नकोस. त्यांना विचारू दे. मग मोठ्यानं सांग.

पोरीला असं शिकवू नये, हे मला कळतं. तरी शिकवते आहे.

अभ्यास टाकू नकोस. प्रकृतीला जप.

तुझी आत्या,
कमळ


टेमघर
३० जुलै २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुकडे मी बाथरूमची कडी लावून बघितले. आजीच्या अंगठ्यावरचा काप पण तू काढला आहेस. असं मला नाही जमत.

सरांच्या चहात मीठ घालावं, त्यांच्या ब्रशांना फेविकॉल फासावा, असं सगळं मनात आलं. मग ठरवलं, फालतूपणा करायचा नाही. तू सांगतेस तसंच करीन. आता ते माझ्या हाताला शाबास म्हणतात तेव्हा मला वर बघवत नाही. आर्ट कॉलेजची तयारी त्यांच्याकडूनच करून घेते आहे, हे चुकतं का गं? घेऊ दे मला. एवढं तरी ते आपल्या घराचं देणं लागतात.

नोव्हेंबरपर्यंत कळ काढ.

तुझीच,
मृणाली


टेमघर
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

परवा लावलं. मधल्या भिंतीवर, दिव्याखाली.

सर आले आणि तिथेच थांबले. बराच वेळ बघत होते. आत्या, त्यांना काहीच आठवलं नाही! उलट त्यांनी प्रिन्सिपल सिस्टरना हाताला धरून आणलं आणि म्हणाले, हे हात बघा, हे शिकवून येत नाही. मग मला विचारलं, कुणाचं आहे? आणि फाडलं कुणी?

मी सांगितलं. कमळ काळूराम भोईर, नववी ब, एकोणीसशे सत्त्याण्णव. फाडलं तुम्ही. माझा आवाज एवढा मोठा निघाला की पालक वळून बघायला लागले. सर तिथल्या स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

सिस्टरनी पप्पांना ऑफिसात बोलावलं. मी लेखी माफी मागावी, नाहीतर दाखल्यावर शेरा येईल, म्हणाल्या. पप्पा म्हणाले, एकदा आमच्या घरची पोर या खोलीतून मान खाली घालून गेली, तेव्हा मी बाहेर उभा होतो. ते चित्र माझ्या बहिणीनं माझ्यासमोर काढलंय. आता कोणी काही लिहून देणार नाही.

रिक्षात ते रडले. तुला फोन करायची हिंमत होत नाही म्हणतात.

शेऱ्याचं काय होतं ते कळवीन.

तुझी,
मृणाली


गणेशपुरी
२४ नोव्हेंबर २०२५

चि. मृणालीस,
आशीर्वाद.

काल तुझे सर इथे आले. एसटीतून उतरून, पत्ता विचारत. केस गेलेत, खांदे उतरलेत, तरी मी लांबूनच ओळखलं. गिऱ्हाईक नव्हतं, तरी मी नारळ निवडत राहिले आणि त्यांना उन्हात उभं ठेवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. आपल्यात अशी रीत नाही, पण नाही विचारलं.

ते म्हणाले, मला आठवत नव्हतं. मी म्हटलं, तेच तर. त्यांनी हात जोडले. मी म्हटलं, इथे ऐकायला फक्त नारळ आहेत. तुम्ही बोललात चोपन्न मुलींसमोर. तितक्याच मोजून समोर बसवा आणि माझं नाव घेऊन सांगा. माझ्या बापाचा अंगठा असलेला कागद शाळेच्या फायलीत असेल, तो त्यांच्यासमोर फाडा. आणि माझ्या भाचीच्या दाखल्याला कुणी हात लावायचा नाही. ते म्हणाले, निवृत्त होताना माझी शोभा होईल. मी म्हटलं, माझी चौदाव्या वर्षी झाली.

मग ते एसटीकडे परत गेले. करतात की नाही, डोळे उघडे ठेवून बघ.

दादाला सांग, फोन कर म्हणावं. शिव्या देईन, पण उचलीन.

तुझी आत्या,
कमळ


टेमघर
३० नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

केलं त्यांनी. काल शेवटच्या दिवशी, प्रार्थनेनंतर, माइकवर. चोपन्न कुठल्या, सहाशे मुली होत्या. तुझं पूर्ण नाव घेतलं, स्वतःचे तेव्हाचे शब्द जसेच्या तसे सांगितले, कोलंबीवालीचे पण. म्हणाले, हात तिचाच होता, मला तो खपला नाही. मग कागद फाडला. टाचणी पडली तरी ऐकू आली असती. सिस्टरनी शेऱ्याचा विषय नंतर काढलाच नाही.

मी टाळ्या वाजवणार होते, पण हात उचलले नाहीत.

दुपारी मी माझी चित्रं घेऊन स्टाफरूममध्ये गेले. त्यांनी वही उघडलीच नाही. म्हणाले, तुझ्या हातावर बोलायचा हक्क मला उरला नाही, दुसरे शिक्षक बघ. भिवंडीत दुसरे कोण आहेत? आत्या, तुझं काम झालं आणि माझे सर गेले. मला तुझा राग आलाय. हे कुणाला सांगू, म्हणून तुलाच सांगते.

मृणाली


गणेशपुरी
४ डिसेंबर २०२५

चि. मृणालीस,
खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा भाताची झोडणी चालली होती. खळ्यातच उभ्याने वाचलं आणि मी एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारची तुळजा धावत आली. येड लागलं काय गो, असं विचारायला लागली. सूड उगवून काही मिळत नाही, असं तुला पुष्कळ लोक सांगतील. मला मिळालं. भाकरी गोड लागते आहे. जे केलं ते मी पुन्हा करीन.

पण तुझे सर माझ्यामुळे गेले, तेही खरं. ते मी तुझ्यापासून काढून घेतले, आणि मला आधीच कळत होतं.

तेव्हा राग गिळू नकोस. रविवारी साडेदहाची एसटी आहे. ये, आणि माझ्या तोंडावर भांड. मी उलट बोलणार नाही.

तुझी वाट बघणारी,
आत्या