कुसाबाईची वीस फुलं

५ जानेवारी, रविवार
आज मी तिरंदाज होते. हसू नको फोना, लिही! सृष्टीने, माझ्या नातीने, ही सोय करून दिली आहे — मी बोलायचं, फोनने लिहायचं. मला वाचता येत नाही, म्हणजे ही रोजनिशी माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित!

तर, दर रविवारी सृष्टीची मित्रमंडळी आमच्या मखमलाबादच्या घरी फासे घेऊन बसतात. सृष्टी गोष्ट सांगते, जंगलाची, राक्षसाची. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करतो ते बोलून सांगतात. जमलं का, ते फासा ठरवतो. आज एक गडी कमी पडला, म्हणून मला बसवलं. त्यांतल्या संघर्षने छापील कागद हातात दिला. म्हणे तयार पात्र आहे, आजी, तुम्ही तिरंदाज, तुमचं गाव जळालंय, सूड घ्यायचाय.

कागद मी उलटा धरला होता, ते नंतर कळलं. दर खेपेला विचारायचं — संघर्षा, मला काय काय येतं रे? आपल्याला काय येतं ते शेजारच्याला विचारायचं! सूड कुणावर, तेही विसरले. शेवटी दरीत पडले. बरं झालं.

६ जानेवारी
सृष्टीला सांगितलं, माझं माणूस मी घडवणार. ती म्हणाली, घडव की. ताकद, अक्कल आणि बोलणं, तिन्हींत मिळून वीस गुण वाटायचे. पण ते लिहून ठेवावं लागतं.

चाळीस वर्षं फुलबाजारात बसले, एक अक्षर न लिहिता. माझं अडलं नाही, कुसाबाईचं कशाला अडेल? (नाव ठरलं.)

१२ जानेवारी, रविवार
कुसाबाई जन्माला आली! एका गुणाला एक फूल: ताकदीचे झेंडू, अकलेची शेवंती, बोलण्याचे गुलाब. एका दोऱ्यात ओवले, गळ्यात घातले आणि बसले. बोटांनी चाचपलं की सगळं कळतं. गुलाब सर्वांत जास्त — नवल कुणालाच वाटलं नाही.

फुलवाली आहे. अनवाणी फिरते. राजाला अरेतुरे करते.

वाटेत राक्षस आडवा आला. तिरंदाज असते तर बाण मारावा लागला असता. कुसाबाईने त्याला विचारलं, "जेवलास का रे?" फासा चांगला पडला. राक्षस रडायला लागला. सृष्टीने चार दिवस खपून रचलेली लढाई तिथेच संपली. संघर्षचं म्हणणं, असं होत नसतं. मी म्हटलं, झालं की.

१९ जानेवारी
फुलं सुकतात. कुसाबाई दर रविवारी नव्याने ओवावी लागते. संघर्ष म्हणतो, एवढा खटाटोप कशाला, छापील कागदाला पाणी घालावं लागत नाही. खरंय. म्हणूनच तो वाढत नाही.

१ फेब्रुवारी
उद्या कॉलेज रोडला या खेळाचा मेळा, स्पर्धाही आहे. आमचे चौघे — मी, संघर्ष आणि रविवारच्या मंडळींतले छाया, साई. स्वतःचं पात्र चालतं, पण पंच आधी तपासणार. विसांत चूक निघाली की पात्र बाद, तयार कागद घ्यायचा. पुन्हा तिरंदाज! त्यापेक्षा घरी बसून मेथी निवडलेली बरी.

पहाटे उठून फुलं आणणार आहे. कुणाला सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
काय दिवस!

पंच रोहित नावाचा पोरगा. चष्मा, शांत आवाज. माळ बघून हसला नाही, हे त्याचं मोठेपण. एकेक फूल मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"आजी, तेवीस आहेत."

मी माळ बोटांनी चाचपली. मग लक्षात आलं. मोजून दिलं की वर एक फूल घालायची माझ्या हाताला सवय! झेंडूवर एक, शेवंतीवर एक, गुलाबावर एक. तीन आठवडे घरात कुणी मोजलंच नव्हतं. संघर्षची मान खाली. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, आजींनी चोरी केली.

रोहितने तयार कागदांचा गठ्ठा पुढे केला. मी हात लावला नाही. म्हटलं, "बाळा, वरचं फूल दुकानदाराचं नसतं. गिऱ्हाइकाचं असतं." आणि तिन्ही खुडली. एक संघर्षपुढे ठेवलं, एक छायापुढे, एक साईपुढे. माळेत राहिली वीस. मोज म्हटलं.

त्याने मोजली. मग त्या तीन फुलांकडे बघत बसला. पुस्तक उघडलं, मिटलं. म्हणाला, कुसाबाई फुलवाली आहे, सोबत्यांना फूल देऊ शकते. ज्याचं फूल त्याने एकदा वापरायचं, फाशात एक वाढवून.

शेवटी पूल कोसळायला लागला. संघर्षचा फासा एकाने कमी पडला! त्याने हळूच आपला झेंडू पुढे सरकवला. चौघेही पार!

पहिला नंबर! टाळ्या तर किती! घरी येताना संघर्ष रिक्षात म्हणाला, आजी, मलाही एक माणूस घडवायचंय. मी म्हटलं, आधी फुलं निवडायला शीक.

३ फेब्रुवारी
पाय दुखतायत. ऐट कमी झालेली नाही.

२० फेब्रुवारी
रोहितचा फोन. मेळ्याच्या तयार पात्रांत कुसाबाई छापू का? म्हणजे माझी बाई आता छापील कागद! तासभर फुगून बसले. मग हो म्हटलं. एक प्रत पेठ गावच्या शाळेत जाणार आहे म्हणे, तिथल्या मुली खेळतात.

९ मार्च
कुसाबाई काल पेठला वारली. तिथल्या प्रतिभाने फोन केला, आठवीतली पोर. खेळात सोबतच्या मुलींना नदीपार नेता नेता पूर आला म्हणे. हुंदके आवरेनात तिला. "आजी, तुमची कुसाबाई माझ्या हातून गेली हो."

मी म्हटलं, माझी इथे आहे, माझ्याजवळ. गेली ती तुझी होती. रड.