एकटीला घेत नाहीत

१८ नोव्हेंबर, सोमवार
दिल्लीत मला भेटायला पहिली कोण आली असेल? आमच्या निर्मळ गावची मॅग्डलीन! शनिवारीच मी वसईहून इथे पोचले. लेक रिचेल वकिलातीत स्वयंपाक करते, मागच्या आवारात तिला खोली दिलीय. मला वाटलं होतं वकिलात म्हणजे काळ्या कोटातले वकील. सुझान, माझी नात, पोट धरून हसली. म्हणाली, आजी, एकेका फाटकात एकेक देश राहतो. खरंच गं बाई, काय तो रस्ता! दर फाटकावर निराळा झेंडा. पोर शाळेत जाता जाता सात देश ओलांडते. ही वही तिचीच. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण ती म्हणाली, बोलतेस तेच लिही.

तर मॅग्डलीन. दुपारी व्हिसाची खिडकी बंद झाली, रांग पांगली, आणि ही एकटीच भिंतीला टेकून उभी. जन्मभर बाजारात माझ्या शेजारी बसून केळी विकली, माझी गिऱ्हाइकं पळवली, आणि इथे पहिलं वाक्य काय, तर कार्मिन, तू जाडी झालीस गं. मी म्हटलं, थंडीने सगळी दिल्ली गोठली, तुझी जीभ तेवढी राहिली. इतका आनंद झाला मला! पाणी मागितलं तिने, पण प्यायली नाही. कागदांसाठी आलेय म्हणाली. निघताना म्हणे, जाते. मी दटावलं, जाते काय, येते म्हणावं. हसली. येते म्हणाली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
आली. सुझानचा हात धरून बसली. खिडकीवर एकटीला घेत नाहीत म्हणे, सोबत कोणीतरी लागतं. कुठला देश विचारलं तर म्हणाली, सगळे जातात तोच. दुबई असेल. मग म्हणते, ही पोर दे ना सोबतीला. चेष्टेखोर आहेच ती पहिल्यापासून. आणि आलेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? म्हटलं, बघू शुक्रवारी. येते म्हणाली.

सुझान रात्री जेवली नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार
निर्मळला मुलाला, फ्रेडरिकला फोन केला. मॅग्डलीनच्या गमती सांगायला लागले. त्याने मला मध्येच थांबवलं. मग म्हणाला, आई, तू शुक्रवारी गाडीत बसलीस, त्याच संध्याकाळी ती वारली. रविवारी पुरली, नवऱ्याच्या, बॅप्टिस्टच्या शेजारी. परगावी तुला कशाला सांगायचं म्हणून राहिलं.

फोन ठेवला. भेंडी चिरत होते, ती चिरून संपवली. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

सुझानचा उजवा हात गार. मॅग्डलीनने धरला होता तोच. चिमटा काढला तर पोरीला कळलाच नाही. डॉक्टर म्हणाला, थंडीने होतं.

जाते म्हणाली होती ती. जाऊ द्यायची होती. मीच येते म्हणायला लावलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
रिचेलला सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. म्हणाली, आई, झोप जरा.

सुझान खांद्यापर्यंत गार. रडतही नाही. बघते नुसती.

गुरुवार, दुपार
आली. म्हटलं, पोरीला सोड, मला ने. बरं म्हणाली. लगेच. घासाघीस नाही. माझा डावा हात धरला. आता तो माझा नाही. इकडे सुझानची बोटं हलली, खायला मागितलं तिने. आनंद व्हायला हवा होता.

निघताना म्हणाली, शुक्रवारी येतो. मी म्हटलं, येतो काय, येते म्हण, तू एकटी. तर म्हणे, बॅप्टिस्टपण येतोय. दहा वर्षं उभा आहे रांगेत. त्यालाही एकट्याला घेत नाहीत. त्यालाही एक —

दार लावलंय. सुझान मांडीवर. हिला कुठे नेऊ, बाहेर सगळे देशच —

वार सांगून गेलीय. शुक्रवार. उद्या शुक्र