थोरल्याची डावी बाजू

ता. ९, सोमवार, दुपार

चि. धाकट्या,

आईचे पोटभर आशीर्वाद. तू बरा असशीलच. वाईट बातमीला पाय असतात म्हणतात, आणि इथवर तरी कोणी चालत आलेलं नाही. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते घरातल्या म्हाताऱ्यांसारखे, कुरकुरतात आणि कामही करतात. अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. जोडाक्षरं सुरू व्हायच्या आधीच माझी शाळा सुटली, हे तुला ठाऊकच आहे.

तर काल बॉक्सिंगच्या सेमीफायनलला आपली मुंगी जिंकली! मुंगी म्हणजे थोरल्याची लेक. तू घर सोडलंस तेव्हा पाळण्यात होती, आता खांद्यांनी दार अडवते. फायनलला गेली रे! तू पाहायला हवं होतंस. समोर गॅरेजवाल्याची पोर, मान बैलासारखी. घंटा वाजली तशी तिने मुंगीला दोरांवर नेलं आणि असं कुटलं, असं कुटलं, की मी बादली पालथी घालून तिच्यावर चढले. मागून कोणीतरी ओरडलं, "आजी, खाली बसा, आम्हाला दिसत नाही!" मी म्हटलं, "तुझ्या घरचं कोणी मार खातंय का आत? मग गप बस."

दुसऱ्या राउंडला मुंगीने पोटात डावा घातला, परत डावा, आणि पोरगी वाकली तसा वरून उजवा, बरोब्बर नाकावर. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. रक्त माझ्या पदरापर्यंत उडालं. पंच मोजायला लागला आणि मी त्याच्या आधीच मोजून मोकळी झाले. तो पदर मी अजून धुतलेला नाही. सूनबाई म्हणते, "आई, वास मारतोय." मारू दे म्हटलं, जिंकल्याचा वास आहे.

मुंगीचं तोंड कसं आहे म्हणशील, तर चांगलं आहे. डावी बाजू तर अगदीच चांगली आहे.

तालीम तीच, पिठाच्या गिरणीमागची. वरचा पत्रा बदलला, त्यामुळे आता पाऊस आत येत नाही, नुसता बोलतो. तुझी वाळूची पिशवी अजून त्याच कडीला टांगलेली आहे. पोटाशी ठिगळ लावलंय मी. पोरं तिला धाकट्याची पिशवी म्हणतात, आणि तुला एकानेही पाहिलेलं नाही. थोरल्याने कधी ती काढायला सांगितली नाही. मारतही नाही तिला. हातांच्या पट्ट्या मी अजून धुते, वाळवते, गुंडाळते. तुम्हा दोघांच्या धुतल्या, आता हिच्या. रक्ताचे डाग थंड पाण्यानेच जातात, गरम पाण्याने बसतात, हे तू तिकडे एकटा राहतोस म्हणून सांगून ठेवते.

उजवी बाजू सुजली आहे. ते लिहायचं राहिलं.

दर वेळी तीच सुजते रे. भुवई फुटली ती उजवी, कान फुगला तो उजवा, गाल काळानिळा झाला तोही उजवा. सूज दाबायचा थंड लोखंडाचा तुकडा हातात घेतला की माझा हात न विचारता तिकडेच जातो, बैल गोठ्याकडे जातो तसा. आणि फायनलला समोर आहे शिडी. उंच आहे म्हणून शिडी म्हणतात. हसून बोलते, नमस्कार करते, आणि डावा हात असा मारते की परवा एका पोरीचा जबडाच निखळला. ती पोर अजून नळीने दूध पिते. शिडीचा डावा हात म्हणजे मुंगीची उजवी बाजू. बघ, एवढंच लिहायचं होतं, आणि मी पत्रा काय, पिशवी काय.

मला आधी वाटलं पोरगी आळशी आहे. मग एक दिवस थोरला पॅड धरून उभा असताना मी त्याच्या पाठीशी गेले आणि माझा डावा डोळा तळहाताने झाकला. नाकापलीकडचं निम्मं जग गेलं. त्याचा पॅड मध्ये आला की उरलेलंही गेलं. पोरीचा उजवा हात हनुवटीपासून सुटून पोटापाशी लोंबत होता आणि थोरला म्हणत होता, "शाबास!" त्याला दिसतो तो तिचा डावा. त्या आंधळ्या बाजूने तो तिला कधी टोलाही देत नाही, अंदाज चुकून लागेल म्हणून.

आणि आपल्या घराची रीत तुला कुठे माहीत? तू गेल्यानंतर पडली ती. थोरल्याच्या डावीकडे कोणी जायचं नाही. पाणी उजवीकडून द्यायचं, हाक उजवीकडून मारायची, रस्त्याने त्याच्या उजव्या हाताला चालायचं. त्याला काही कमी आहे असं वाटू नये म्हणून. डोळा हा शब्दही कोणी काढत नाही, माझ्या मोतीबिंदूला सगळे "ते ऑपरेशन" म्हणतात. मुंगी रांगायला लागली तेव्हापासून वळसा घालून बापाच्या उजवीकडे येते. मायेने आली, बिचारी. पण समोरासमोर उभं राहिलं की बापाची डावी ती लेकीची उजवी. त्या बाजूने आजवर तिच्याकडे काही आलंच नाही, तर तिथे हात कशाला धरेल?

थोरल्याला सांगायचं कसं? शेवटी आज सकाळी मी तोंडाने सांगितलंच नाही. टॉवेल भिजवला, दोरखंडासारखा पिळला, थोरल्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिले, जिथे कोणी राहत नाही, आणि मुंगीच्या उजव्या कानशिलावर असा हाणला की पोरगी आडवी! माझ्या हातात अजून दम आहे हो.

थोरला म्हणाला, "काय झालं? पाय घसरला का गं?"

मुंगी कान धरून ओरडली, "आजी!"

"आई? आई कुठाय?"

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते रे.

"इथेच आहे," मी म्हटलं. "तुझ्या डावीकडे. शिडी इथूनच येणार आहे."

त्याला कळलं. एकदा मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पडलेल्या लेकीकडे. मग पॅड भिरकावला, तो आरशावर, आरशाचा चुरा. मग भिंत. उघड्या हातांनी मारत सुटला, डावा उजवा, डावा उजवा, गिलावा पडला, बोटांची सालटी निघाली, पांढऱ्या भिंतीवर लाल पंजे. पोरं धरायला धावली, मी म्हटलं, "थांबा, मारू दे. भिंत काही घर सोडून जायची नाही." दमला तेव्हा बसला. मी एका हाताने त्याच्या बोटांवर पट्टी गुंडाळत होते आणि दुसऱ्या हाताने मुंगीच्या कानाला लोखंड लावत होते. मीच मारायचं, मीच सूज उतरवायची.

मग थोरला म्हणाला, "त्या बाजूचं मला काही कळत नाही आई. ज्याने ती बाजू नेली, त्याला विचार."

म्हणून हे पत्र.

निवडीच्या दिवसाचं मी काढणार नव्हते. पण आता काढलंच आहे तर ऐक. मी पहिल्या रांगेत होते. दोघं एका वजनाचे, जागा एकच, आणि तुम्ही दोघं माझे. तुम्ही एकमेकांना सोडलं नाही. त्याने तुझी बरगडी मोडली, ती तू मला आठवडाभर सांगितली नाहीस. तुझा तो उजवा लागला तेव्हा आवाज झाला नाही, हेच मला आठवतं. तो ठोसा नियमातला होता. कोणी काही म्हणो, मी पाहिलंय. थोरल्यानेही पाहिलं, त्या डोळ्याने शेवटचं तेच पाहिलं, आणि त्याने तुला कधी दोष दिला नाही.

मग तुझी निवड झाली, आणि तू मोठ्या स्पर्धेत जाऊन काय केलंस, तर हात खाली सोडून उभा राहिलास. त्या परक्या पोराने तुला तुडवला. ओठ फाटले, दात सांडले, तू हात उचलला नाहीस. पंचाने थांबवलं नसतं तर मेला असतास. कोणाचं फेडत होतास, गाढवा? त्याने थोरल्याचा डोळा परत आला नाही, माझा दुसरा मुलगा मात्र गेला. लोक अजून म्हणतात, ती दोघं टिकली असती तर! त्या "तर"ला काय चाटायचंय?

फायनल येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. तोवर रोज कोणीतरी त्या बाजूने मुंगीला मारायला हवं. प्रेमाने, आणि जोरात. इथे सगळ्यांना वळसा घालायची सवय झाली आहे.

मी थोरल्याला विचारलं, "तो आला तर मारणार नाहीस ना?"

म्हणाला, "मारणारच. आधी एक मारीन, मग चहा टाक." मग म्हणाला, "आणि त्याला सांग, माझ्या डावीकडून ये. तिकडून कोणीच येत नाही."

तुम्हा दोघांची,
आई