मनोहररावांचं मनगट

२ नोव्हेंबर

आकाशकंदील माळ्यावर टाकायला शिडी चढलो, तर एक नळकांडं डोक्यात पडलं. हिरव्या कापडाचं, दीड हात लांब. जुना नकाशा असेल म्हणून उघडलं. आत काठी — चार तुकड्यांत, बोरूसारखी हलकी. सोबत चक्री, तिच्यावर जाड पिवळी दोरी. वेदिकेची. बँकेतल्या पहिल्या पगारात मुली कानातलं घेतात. आमच्या मुलीनं मासे धरायची काठी घेतली होती.

चारुशीला शिडी धरून उभी होती. म्हणाली, "ठेवा ते जिथल्या तिथे. तिचं आहे."

ठेवलं. कंदील मात्र हातात घेऊनच खाली उतरलो.

५ नोव्हेंबर

चौदा महिने झाले, वेदिका माझ्याशी बोलत नाही. आईशी रोज बोलते. मी खोलीत शिरलो की चारुशीला फोन घेऊन गॅलरीत जाते. स्वतःच्याच घरात मी परपुरुष.

कारण लिहून ठेवतो, निदान इथे तरी. मुलगी बँकेची अधिकारीपदाची नोकरी सोडून हिमाचलात गेली. तिथल्या नदीवर शहरी माणसांना मासेमारी शिकवते. मासा धरायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. पुतण्या रोहितच्या साखरपुड्यात कोणीतरी विचारलं, पोरगी सध्या काय करते? मी म्हणालो, "देवानं एकदाच मत्स्यावतार घेतला, आमची कन्या बँकेतून थेट मासेवाली झाली."

हॉल हसला. वाक्य चांगलंच होतं. तीस वर्षं वार्ताहर म्हणून काढली, मथळा जमला की मला कळतं. ती भरलं ताट ठेवून उठली, तेही कळलं. पण जरा उशिरा.

आज गॅलरीचं दार नीट लागलं नव्हतं. २४-२५ जानेवारीला कळमेश्वरच्या पुढच्या तलावावर तिचं नवशिक्यांचं शिबिर आहे. बारा माणसं. मुक्काम नंदनवनला, मैत्रिणीकडे. प्रताप नगरात बापाचं तीन खोल्यांचं घर असून!

७ नोव्हेंबर

तिचे व्हिडिओ आहेत, मराठीत. 'नवशिक्यांसाठी फ्लाय फिशिंग'. चुका काढायला म्हणून लावले.

भाग पहिला: सामान. साध्या गळाला शिसं बांधतात, त्या वजनानं गळ लांब जातो. इथे गळाला पिसं आणि लोकर गुंडाळून खोटी माशी करायची. तिला वजनच नाही. वजन दोरीला. म्हणजे फेकायची ती दोरी. माशी आपली टोकाला लटकून फुकट प्रवास करते. महापालिकेच्या अभ्यासदौऱ्यात नगरसेवकांचे मेहुणे जातात तशी.

बरं, पिवळी दोरी माशाला दिसते. म्हणून तिच्या पुढे नऊ फूट पारदर्शक धागा, निमुळता होत जाणारा. त्याच्या पुढे आणखी बारीक धागा. मग माशी. पाठशाळेत एका सूत्रावर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिप्पणी शिकलो होतो; वाटलं होतं, एवढा फापटपसारा जगात दुसरीकडे नसेल. आहे.

चूक एकही सापडली नाही. नोंद करणं भाग आहे.

८ नोव्हेंबर

'मनोहरराव, कळमेश्वर' या नावानं खातं उघडलं. निवृत्त, सज्जन, जरा मंद गृहस्थ. व्हिडिओखाली प्रश्न टाकला: "ताई, काठी नऊ फुटांचीच का? साडेआठची का नको?"

संध्याकाळी उत्तर: "साडेआठचीही चालते, काका. घरात जी पडली असेल तिच्यानं सुरू करा."

काका म्हणाली. चौदा महिन्यांनी काहीतरी म्हणाली.

१६ नोव्हेंबर

माळ्यावरचं नळकांडं गुपचूप उतरवून गच्चीवर पहिला पाठ. समोर घड्याळ आहे असं धरायचं. काठी दोनवर मागे न्यायची आणि थांबायचं. दोरी मागे पूर्ण उलगडू द्यायची. मग दहावर पुढे. कोपर अंगाशी, मनगट ताठ. सगळी विद्या त्या मधल्या थांबण्यात आहे, असं ती म्हणते. बोलण्याआधी थांबणं आमच्या घराण्यात नाही. हिला कुठून आलं कोणास ठाऊक.

'सरावाला गळ लावू नका, लोकरीचा तुकडा बांधा', असं तिनं तीनदा सांगितलं होतं. मी गळ लावला. दोरी मागे उलगडली ती शेजारच्या शोभाताईंच्या गच्चीपर्यंत, आणि पुढे आली ती त्यांचा वाळत घातलेला स्वेटर घेऊन.

शोभाताई कठड्याशी आल्या. "केशवराव, पाहिजे होता तर मागायचा न. असा ओढून काहून नेऊन राहिले?"

स्वेटर परत करेपर्यंत मागे टाकी भरून वाहायला लागली. खालून चारुशीला: "अहो, मोटर! काय करून राहिले वर इतका वेळ?"

"ऊन खातो आहे," म्हणालो.

"दोरीनं?"

२३ नोव्हेंबर

माशी बांधायला कोंबड्याच्या मानेची पिसं लागतात. चिकनच्या दुकानासमोर जन्मात पहिल्यांदा उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, "कितना?" म्हटलं, पिसं हवीत. मानेची. तीही कोंबड्याचीच, कोंबडीची नकोत.

त्यानं सुरी खाली ठेवली. मला पायापासून शेंडीपर्यंत न्याहाळलं. शेंडी नाही मला, पण त्याला दिसली असावी. हळूच म्हणाला, "पंडितजी, कोई टोटका है क्या?"

हो म्हणालो. मासेमारीपेक्षा जादूटोणा कमी लाजिरवाणा वाटला. त्यानं पिशवीभर पिसं फुकट दिली आणि वर हात जोडले.

२४ नोव्हेंबर

बांधलेली माशी पाहून चारुशीला म्हणाली, "झुरळ मेलं वाटते. केरात टाका."

३० नोव्हेंबर

बातमीला जातो सांगून तलावावर गेलो. तोच, शिबिराचा. आधी जाऊन पाहिलेला बरा. मासेमारीचा हक्क गावच्या मच्छीमार संस्थेचा. संस्थेचा बळीराम काठावर जाळं झटकत होता. साठीचा माणूस. परवानगी लगेच दिली, अट एकच — त्याच्यासमोर फेकायचं. "लय दिस झाले जी, काही करमणूक नाही."

फेकलं. दोरी डोक्यावरून गेली आणि डोक्यावरच येऊन बसली.

बळीराम हसला नाही. समजावणीच्या सुरात म्हणाला, "महाराज, मासा पान्यात राहते."

मासा धरला तरी सोडून देणार आहे, हे सांगितलं तेव्हा मात्र त्यानं जाळं खाली ठेवलं. "धरून सोडता? मंग धरता काहून?"

"शिकायला."

त्यानं जाळं पुन्हा उचललं. "मासा शिकन. तुमचं काही सांगता येत नाही."

७ डिसेंबर

पुन्हा तलाव. काही नाही. बळीराम म्हणतो, पाण्याकडे पाहा, काठीकडे पाहून मासा येत नाही. वेदिका भाग सहामध्ये हेच म्हणते. दोघांची भेट झालेली नाही. ज्ञान अपौरुषेय असतं, असं आम्ही शिकलो होतो. ते चिखलातही उगवतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

१४ डिसेंबर

गळ माझ्याच कानाला लागला. गळाची उलटी अणी आधी पकडीनं दाबून टाका म्हणजे सहज निघतो, असं तिनं सांगितलं होतं. दाबली होती. सहज निघाला. माशाच्या सोयीसाठी केलेली तरतूद, बापाच्या कामी आली.

२० डिसेंबर

"तुमचा फेकतानाचा व्हिडिओ मला निरोपात पाठवा, काका, काय चुकतं ते सांगते." — असं तिनं मनोहररावांना लिहिलं. आज फोन कुंडीला टेकवून ठेवला. हात, काठी आणि आभाळ एवढंच दिसेल असं बेतलं. तोंड कुठेही नाही, चारदा तपासलं. आवाजही काढून टाकला, कारण मध्येच खालून चारुशीला काहीतरी ओरडत होती. पाठवला. एकदम पोरकट वाटलं. परीक्षेचा पेपर दिल्यासारखं.

२१ डिसेंबर

उत्तर: "मनगट वाकतं आहे, काका. संध्येला पळीनं उदक सोडतात तसं. इथे सोडायचं नाही, थांबवायचं. काठीच्या मुठीचं मागचं टोक शर्टाच्या बाहीत खोचा, बटण लावा आणि फेका. आपोआप ताठ राहील."

कळमेश्वरचे मनोहरराव संध्या करतात हे हिला कोणी सांगितलं? जगातले सगळेच काका संध्या करतात असं धरून चालली असणार. आपल्या लोकांची ही जुनी खोड.

टोक बाहीत खोचलं. दोरी मागे उलगडली. थांबलो. पुढे गेली — सरळ, शोभाताईंच्या विरुद्ध दिशेला, टोकापर्यंत. पंचेचाळीस वर्षं रोज वळवून कमावलेलं मनगट एका बटणानं सुधारलं.

२८ डिसेंबर

मासा! चिलापी. वीतभर. हात आधी ओला केला, कोरड्या हातानं माशाची कातडी सोलवटते. गळ काढला. पाण्यात धरून ठेवली. क्षणभर तशीच थांबली आणि गेली.

सांगावं असं जगात एकच माणूस आहे.

मनोहररावांनी सांगितलं. "शाब्बास काका," असं उत्तर आलं. शाबासकी मनोहररावांना मिळाली.

४ जानेवारी

बळीरामाला विचारलं, एवढा मासा जातो कुठे?

"माही मासेवाली बसते न जी बाजारात. तिनं हात लावला का मासा ताजा का शिळा, डोळे मिटून सांगते."

तोच शब्द. त्याच्या तोंडी त्या शब्दाला काटा नव्हता. फेटा होता.

मग त्यानं विचारलं, "हे असं दोरी फेकनं तुमाले कोनं शिकवलं?"

"मुलीनं."

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो. बळीराम म्हणाला, "पोरगी हुशार हाये मंग. बापाले शिकवनं सोपं नाही. तिले आना एक दिस, बायकोले भेटवतो."

साखरपुड्यातलं वाक्य त्याला सांगून पाहावं असं क्षणभर वाटलं. सवयच आहे, चांगलं वाक्य नव्या श्रोत्याला ऐकवायची. तोंड उघडलं आणि मिटलं. इतकं चांगलं वाक्य, आणि ज्याच्यापुढे म्हणता येत नाही असा माणूस भेटला. तीस वर्षांत छापलेला मथळा मागे घ्यावासा कधी वाटला नव्हता.

९ जानेवारी

जेवताना चारुशीलेला म्हटलं, नंदनवनहून कळमेश्वर लांब पडतं. प्रताप नगरहून बरं.

"हे मले काहून सांगून राहिले? जिला सांगायचं तिला सांगा."

१० जानेवारी

मनोहररावांनी निरोपात विचारलं: "ताई, घरच्यांना हे काम पसंत आहे का?"

"आईला आहे. बाबांचं माहीत नाही. ते एकदा चार लोकांत माझ्यावर एक वाक्य बोलले."

मनोहररावांनी, हे चौकस गृहस्थ, पुढे विचारलं, "वाक्य लागलं का?"

उत्तर आलं: "वाक्य नाही लागलं, काका. ते तसंच बोलतात, आम्हाला सवय आहे. सगळे हसले म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, ते तरी माझ्याकडे पाहत असतील. ते कोण कोण हसलं, ते पाहत होते."

खरं आहे. पाहत होतो. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं की नाही, ते.

मनोहररावांनी लिहिलं, "त्यांचं चुकलं." एका दमात लिहिलं, कुठेही न अडखळता. मनोहरराव भला माणूस आहे. त्यांना हे जमतं.



११ जानेवारी

सकाळी उत्तर आलं.

"हे त्यांनाच म्हणू द्या, मनोहरराव. आणि तुमच्या व्हिडिओत मागे टाकी भरून वाहते आहे. आई आणखी ओरडायच्या आत मोटर बंद करा."

व्हिडिओ तीन आठवड्यांचा जुना. तरी उठून मोटर पाहून आलो. बंद होती.

मग स्वतःच्या नावानं लिहायला बसलो. मथळा सुचला नाही. तसंच पाठवलं.