आक्काच्या नावासमोरची जागा

प्रिय विलास,

सवयीनं वर 'चि.' लिहिलं होतं. खोडलं. मेलेल्या धाकट्या भावाला काय लिहावं, ते कुणी शिकवलेलं नाही.

पत्र लिहायचं कारण एवढंच की तुझ्यावर लय राग आलाय. तुला जाऊन आठ महिने झाले, आठही महिने मी रडत होते. काल तुझ्या वह्या उघडल्या आणि रडणंच थांबलं.

झालं असं की, आमच्या पूजाला कॉलेजच्या फॉर्मवर आईचं नाव लिहायचं होतं. तिनं 'नकुसा' लिहिलं तर रांगेतल्या पोरी हसल्या. घरी येऊन म्हणाली, "आई, नाव बदलून घे बाई आता. पोरी हसायल्यात. हे बघ, अर्ज आणलाय. नवीन नाव तेवढं लिही." मी काय लिहिणार? माझं नवीन नाव तर तुझ्याकडं होतं ना?

थोरल्या दोघींवर मी तिसरी पोरगी झाले म्हणून आजीनं माझं नाव नकुसा ठेवलं. म्हणजे आता पोरगी नको. दोन वर्षांनी तू झालास. आजी अख्ख्या बोरी गावात सांगत फिरली, नाव लागू पडलं म्हणून. पेढे तुझ्या नावानं वाटले, हे नाव मात्र माझ्याच अंगाला चिकटून राहिलं.

आणि तू काय केलंस? शाळेत क्लार्क झालास. दिवसभर रजिस्टरात पोरांची नावं लिहायची आणि घरी येऊन दुसऱ्या वहीत, समुद्र कधी बघितलेला नसताना, कुठल्याशा बेटावरच्या लोकांची भाषा रचायची. ओळखीच्या सगळ्यांना त्या भाषेत नावं दिलीस, अगदी अर्थाबरहुकूम. आबा दगडू, म्हणून थोरुम. आई शेवंता, म्हणून लिनाये. शेजारच्या नूरखालाला उजेडाचं नाव दिलंस, ती येता-जाता ते घोकायची. चुलत्याच्या बैलालासुद्धा नाव मिळालं.

आणि मला? "आक्का, तुझं जरा अवघड हाय. उद्या देतो." मी तुला म्हटलं होतं, तू देशील तेच नाव कागदावर लावीन. वीस वर्षं उद्या, उद्या. थट्टा वाटली का रे तुला?

उद्याचा तुला नादच होता. डोळे पिवळे झाले तेव्हा जो कुणी जो पाला आणून देईल तो चावत बसलास. एकालाही नको म्हणाला नाहीस. परभणीच्या दवाखान्यात चल म्हणून मी दारात उभी, तर म्हणे, "उद्या जाऊ ना." तुला बखोटीला धरून जीपमध्ये का घातलं नाही, याचा राग माझ्यावरही आहे. पण तुझ्यावर जास्त आहे.

तर काल वही उघडली. नावांच्या यादीत सगळे होते. माझ्या ओळीत नुसतं 'आक्का' आणि पुढं कोरी जागा. डोकंच फिरलं. म्हटलं, आता माझं मीच काढते. वहीच्या मागच्या पानांवर तू सगळे शब्द अर्थासकट लिहिले होतेस, त्यात 'नको'चा शब्द शोधायला बसले. दुपार त्यातच गेली. चिंचेला शब्द आहे, उसवण्याला आहे, न वाळलेल्या कपड्यांच्या वासालासुद्धा आहे. नकोला नाही. शेवटच्या पानावर तुझंच अक्षर: 'या भाषेत नको म्हणता येत नाही. लोक उद्या म्हणतात. आक्कासाठी.'

नूरखालाला वाचून दाखवलं तर तिनं पदर डोळ्याला लावला. "कित्ता चाहता था तेरे कू," म्हणाली.

मला मात्र संताप आला. अरे येड्या, वहीतून शब्द काढला म्हणजे माझं दुखणं गेलं का? आणि निदान मला सांगायचंस तरी. मी वीस वर्षं समजत होते की तुला बैल आठवला आणि बहीण आठवली नाही.

आणि त्या बेटावरच्या बायांनी काय करायचं? पूजा सोळा वर्षांची असताना सासरे तिचं लग्न ठरवून आले, तेव्हा मी सगळ्यांसमोर नको म्हटलं, म्हणून ती आज कॉलेजात आहे. तिथं उद्या म्हटलं असतं तर? तू तरी एकदा त्या पाल्याला नको म्हटलं असतंस, तर हे पत्र लिहायची वेळ आली असती का?

आता मी काय करणार ते ऐक. पूजानं आणलेला नाव बदलायचा अर्ज कोराच परत देणार. तिला समजावून सांगीन, नाही पटलं तर रुसू दे दोन दिवस. आणि तुझ्या वहीतली ती जागा मी भरणार, पेनानं. तुझ्या भाषेत एक शब्द वाढवते. नकुसा, म्हणजे नको. इथून पुढं तुझ्या बेटावर जिला नको म्हणायचं असेल, तिनं माझं नाव घ्यायचं.

आणि हे उद्या नाही. पत्र संपलं की लगेच.

तुझी आक्का,
नकुसा