टाकीतली तपकिरी साय

टाउन्सव्हिल, ३ मार्च

ती. ऑब्रेदादास, डॉरीनचा सा. न.

फोनवर तू इतका ओरडलास की माझं कुत्रं पलंगाखाली गेलं. म्हणून मी फोन आपटला, आणि पुन्हा उचलणार नाही. काय भांडायचं ते कागदावर भांड.

होय, तुझ्या प्रवाळाच्या टाकीतली वाळू तपकिरी झाली आहे. आधी कोपऱ्यात कोको सांडल्यासारखं दिसलं, आता काचेवर, दगडांवर, सगळीकडे साय धरली आहे. पुसली की जाते, दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. पण तू गेल्यापासून मी तुझ्याच घरी मुक्काम टाकला आहे, आणि तुझ्या चार पानी सूचनांतली एक ओळही मोडलेली नाही. माशांना चिमूटभर खाणं, दिवे आठ तास, आटेल तेवढं पाणी फक्त तुझ्या फिल्टरचं. तरी तुझ्या मत्स्यालय क्लबातले क्लाइव्ह डनस्टन आले, काचेला नाक लावलं आणि सोबतच्या दोघांना म्हणाले की बाईमाणसाच्या हाती टाकी दिली की तिचं गटार होतं. सदतीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासलं रे मी! त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशनचं तू सरळ सांगणार नाहीस, तेव्हा टेगनला लिहायला सांग. लेक तरी बापापेक्षा खरं लिहील. रागाच्या खाली माया आहे, ती चेंगरू देऊ नकोस.

तुझी डॉरीन

ब्रिस्बेन, ९ मार्च

चि. डॉरीन हिस, आशीर्वाद. या खेपेला जरा हात आखडून.

गुडघा नवा बसवलाय, डोकं जुनंच आहे आणि ते तापलंय. ती साय म्हणजे डायटम, बारीक शेवाळ. त्याला सिलिकेट लागतं, आणि ते आपल्या नळाच्या पाण्यात असतं. म्हणजे फिल्टरमधून पाणी थेंब थेंब पडतं म्हणून कंटाळून तू कधीतरी नळाची बादली ओतलीस. कबूल कर आणि मोकळी हो. शिवाय तुझं चिमूटभर मला माहीत आहे. तुझं ते कुत्रं चालतं की घरंगळतं हेच कळत नाही.

तुला ती शोभेची काच वाटते. वादळाच्या वर्षी सहा दिवस वीज नव्हती. क्लबातल्या एकूण एक टाक्या मेल्या. मी मोटारीची बॅटरी जोडून, ती संपल्यावर हाताने पाणी ढवळून हातोडी-प्रवाळाची एक फांदी जगवली. आज गावातल्या अकरा टाक्यांत तिचेच तुकडे वाढताहेत, क्लाइव्हच्याही. ती गेली तर मी तोंड कुठे दाखवू?

क्लाइव्ह शेवाळावरचं औषध घेऊन येणार आहेत. ते घालतील, तू मध्ये पडू नकोस. चिडलो असलो तरी भाऊच आहे, हे धरून चालावं.

ऑब्रे

टाउन्सव्हिल, १७ मार्च

ती. ऑब्रेदादास, सा. न. नमस्कार वाकून नाही, ताठ उभं राहून.

क्लाइव्ह बाटली घेऊन आले होते. त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. पाण्यात काय बिघडलंय हे न तपासता औषध ओतायचं, असं आमच्या प्रयोगशाळेत कुणी केलं असतं तर त्याला घरी बसवलं असतं. ते म्हणाले, प्रवाळ मेलं तर जबाबदारी तुमची. मी म्हटलं, माझी.

मग पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा तुझ्या खणातला टीडीएस मीटर काढला. नळाचं पाणी चौऱ्याण्णव. तुझ्या फिल्टरचं, ज्याचा आकडा शून्य हवा, ते अठ्ठ्याऐंशी! टाकीखालच्या कपाटात सरपटत शिरले आणि फिल्टरच्या नळ्या उघडल्या. दादा, आतल्या कॅन्डलवर तारीख होती, तुझ्याच अक्षरात. तीन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. म्हणजे टाकीत मी नळाचंच पाणी घालत होते, पण तुझ्या हुकमाने! आणि गटार करणारी मी?

सगळ्या कॅन्डल्स बदलल्या. आता शून्य. रोज नळी लावून साय ओढून काढते, थोडं थोडं पाणी बदलते, शंखगोगलगायी आणून सोडल्या आहेत. पण तुझी हातोडी पाच दिवस मिटून बसली आहे. सकाळी उठले की आधी तिच्याकडे जाते, मग किटलीकडे. मला भीती वाटते आहे, आणि भीती वाटतेय याचाही राग येतोय.

कॅन्डल्स का बदलल्या नाहीस? उत्तर दे, मग लोभाचं बघू.

डॉरीन

ब्रिस्बेन, २३ मार्च

चि. डॉरीन, आशीर्वाद, हात न आखडता.

तुझं पत्र टेगनने मोठ्याने वाचलं. ती हसली, मी नाही. कॅन्डल्स बदलायला त्या कपाटात गुडघे टेकून शिरावं लागतं. तीन वर्षांपूर्वी शिरलो तो उठता येईना. तासभर जमिनीवर पडून होतो. कुणाला सांगितलं नाही. क्लबात विचारलं की म्हणायचो, परवाच बदलल्या. पूर्वीच्या जोरावर टाकी चालत राहिली आणि माझं खोटंही. तुझ्यावर ओरडलो तेव्हा आत कुठेतरी मला ठाऊक होतं.

क्लाइव्हला फोन करून सगळं सांगितलं. गटार माझं होतं, म्हणालो. प्रवाळ गेलं तरी तुला बोल लावणार नाही. रागाव, पण तुटू नकोस.

ऑब्रे

टाउन्सव्हिल, १४ एप्रिल

ती. दादास, सा. न. आता वाकून.

मंगळवारी सकाळी हातोडी उघडली. आधी एक फांदी, दुपारपर्यंत सगळ्या, आणि मी एकटीच टाळ्या वाजवत उभी होते. दोन टोकं गेली, ती परत येणार नाहीत. तपकिरी साय गेली आणि तिच्या जागी शेवाळाचे हिरवे केस उगवले आहेत. ते चिमटीने उपटते आणि माशांचं खाणं, होय, निम्मं केलं आहे. क्लाइव्ह येऊन माफी मागून गेले, घरी भाजलेले भोपळ्याचे स्कोन घेऊन. स्कोन कच्चे होते.

पण तासभर जमिनीवर पडून राहिलास आणि मला, चार गल्ल्या पलीकडच्या बहिणीला, कळवलं नाहीस, हे मी माफ करणार नाही. प्लंबर बोलावून फिल्टर भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर लावून घेतला आहे. विचारलं नाही, विचारणारही नव्हते. तू आलास की टाकी तुझी. फक्त मंगळवार माझा. त्या दिवशी पाणी मी तपासणार, आकडा मी लिहिणार, आणि तू खुर्चीत बसून बघायचंस.

लवकर ये.

डॉरीन