पत्रात नसलेले बूट

अमरावती,
१२ जून २०२४

ती. सौ. शकुन आत्यास,
प्रतीक्षाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र नेहमीप्रमाणे तुझ्या फुलांच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे. ऑफिसात मला हसतात. दिवसभर मोबाइलवरची ॲप बनवणारी बाई जेवणाच्या सुट्टीत पोस्टात पाकिटं आणायला जाते म्हणून. त्यांना तुझं म्हणणं सांगितलं, की फोन घरात सगळ्यांचा असतो, पत्र एकाचं असतं.

बातमी अशी की मला टीम लीड केलं. पाच माणसं माझ्या हाताखाली आहेत. नवं ॲप तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींसाठी आहे. नाव ‘कानात सांग’. आईला विचारता येत नाही ते मुलींनी इथं विचारायचं. कोणी विचारलं ते कोणालाही कळणार नाही.

सगळं जमलं आहे, उत्तरं जमत नाहीत. ती मनोज लिहितो. नांदगाव पेठेहून मोटारसायकलवर येतो, सरळ मुलगा आहे, पण त्याचं उत्तर वाचलं की दवाखान्याच्या भिंतीवरची पाटी वाचल्यासारखं वाटतं. एका शाळेत दाखवलं तर मुलींनी मिनिटभरात बंद केलं. एकीने सांगितलं की हे तर मॅडम बोलून राहिल्या.

मला तुझी पत्रं आठवली. मी हॉस्टेलला असताना तू चार वर्षं लिहिलीस ती. सगळी जपून ठेवली आहेत. टीमला वाचायला देऊ का? कसं बोलायचं तेवढं त्यांनी शिकावं. तू हो म्हटल्याशिवाय गठ्ठा सोडणार नाही.

केशवमामांना नमस्कार, तुझ्या नातीला, प्राजक्ताला, बारावीच्या शुभेच्छा. तुझी सावली असू दे.

तुझी,
प्रतीक्षा


अकोट,
२० जून २०२४

चि. प्रतीक्षास,
अनेक आशीर्वाद.

जेवलीस का? टीम लीड झालीस म्हणजे आता डबा तसाच परत नेत असशील.

पाच माणसं हाताखाली आहेत असं तू लिहिलंस. तुझ्या वडलांच्या हाताखाली वलगावच्या मळ्यात बारा बायका होत्या. ते म्हणायचे, मी यांच्या हाताखाली आहे. लक्षात ठेव.

माझ्या पत्रांत काय आहे? शेवंतीचा भाव पडला, जवसाची चटणी पाठवली, केसांना तेल लाव. ह्यातून तुझ्या मनोजला काही शिकता येत असेल तर खुशाल शिकू दे. मात्र एक सांगते. पोरगी काही विचारायला आली की आधी तिला जेवलीस का विचारावं. उपाशी माणसाला कोणतंही उत्तर पटत नाही.

आता नीट वाच. ऑगस्ट २००९ चं निळं आंतर्देशीय गठ्ठ्यातून आधी काढून ठेव. माझ्या लग्नाच्या वर्षाचं ज्यात आहे ते. दादा गेल्यावर ती गोष्ट तुझ्या-माझ्यातच राहिली आहे.

परवा शेजारी नवी सून आली. तुझे मामा तिला माझं कौतुक सांगायला बसले. लग्नाला तीन महिने झाले नाहीत तर आईला टायफॉइड झाला, ही वलगावला अकरा दिवस उशाशी बसून राहिली, अन् परत आली तर नव्या चपलेने टाचांवर ह्ये फोड, मीच हळद-तेल लावलं म्हणे. एक्केचाळीस वर्षं झाली, ते सांगतात आणि मी फुलं ओवते. म्हणून म्हणते, ते पत्र काढून ठेव.

प्राजक्ता पुढं शिकायला बाहेर जायचं म्हणते. हे नाही म्हणतात. रोज तेच चाललं आहे.

जपून राहा. माझा हात तुझ्या डोक्यावर आहेच.

शकुन आत्या


अमरावती,
४ सप्टेंबर २०२४

ती. सौ. शकुन आत्यास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. जेवले आहे.

तुझी पत्रं जादूसारखी लागू पडली. मनोजने चार दिवस दुसरं काही केलं नाही, नुसता वाचत बसला. मग म्हणाला की ही बाई प्रश्नाचं उत्तर देतच नाही, आधी शेजारी येऊन बसते. आता आमचं प्रत्येक उत्तर ‘जेवलीस का’ने सुरू होतं. दर्यापूरकडच्या एका मुलीने लिहून पाठवलं की एवढंच वाचून मी रडली.

एका ठिकाणी मात्र अडलं आहे. सगळ्यांत जास्त मुली एकच गोष्ट विचारतात. मला शिकायला जायचं आहे, घरचे पाठवत नाहीत, मी काय करू. मनोजने सात उत्तरं लिहिली. मुली पहिली ओळ वाचतात आणि निघून जातात. वरच्या लोकांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. तेवढ्यात हे सुधारलं नाही तर ॲप बंद करून सगळ्यांना दुसऱ्या कामाला लावतील. त्या मुलींना मी काय सांगू? मला हॉस्टेलात ज्याने टिकवलं ते एकच पत्र होतं, आणि ते तर देता येत नाही.

निळं पत्र माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. कोणी पाहिलेलं नाही, पाहणार नाही. पप्पांची शपथ.

प्राजक्ताला सांग, आमचं ॲप फोनवर घे. मामांची समजूत घालायला उपयोगी पडेल. तिची आजी कशी बोलते तेही तिला कळेल!

माझ्यावर माया राहू दे.

प्रतीक्षा


अकोट,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रतीक्षास,
आशीर्वाद.

जेवली असशील.

काल दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. प्राजक्ताने ताटाशेजारी फोन ठेवला होता. तिने तुमच्या ॲपला तिचा प्रश्न विचारला होता आणि उत्तर आलं होतं. म्हणे, आजोबा आयका, तवाची बाई जाऊन राहिली होती अन् तुमी मले आता पाठवून नाही राहिले. मग तिने मोठ्याने वाचलं.

जमुना नावाची मुलगी. फुलांचा मळा असलेलं सासर. लग्नाला तीन महिने. आईच्या आजाराचं सांगून ती शहरात नर्सिंग शिकायला गेली. लग्न झालेल्या मुलींना तिथं घेत नसत, म्हणून गळ्यातली पोत काढून तिने रुमालात बांधली. अकरा दिवस राहिली. अकराव्या दिवशी भाऊ आला. परत येताना पांढरे कॅनव्हासचे बूट एसटीच्या सीटखाली सोडून ती उतरली. नवे बूट चावले होते. मी परतले, तू परतू नकोस, असं शेवटी होतं.

प्राजक्ता मजेत वाचत होती. तिला काय माहीत.

यांनी बुटांची ओळ पुन्हा वाचायला सांगितली. तिने वाचली. हातातला घास यांनी ताटात ठेवला आणि हात धुतले.

संध्याकाळी आम्ही शेवंती निवडत होतो. खाली बघूनच यांनी विचारलं की तवा चप्पल नवी होती म्हणे ना तू. मी सांगितलं, नव्हती. मग एवढंच म्हणाले की हयद मीच लावली होती.

प्रतीक्षा, हे कसं झालं ते मला लिही. दुसरं काही लिहू नकोस.

शकुन


अमरावती,
२३ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. शकुन आत्यास,
शि. सा. न.

आत्या, पत्र मिळालं.

चूक माझी आहे. ऑक्टोबरात मी घर बदललं. सामान हलवताना कपाटातलं ते पत्र बाकीच्या गठ्ठ्यात गेलं आणि गठ्ठा ऑफिसात टेबलावर राहिला. मनोजने वाचलं. त्याला वाटलं, हेही बाकीच्यांसारखंच. नाव-गाव बदलून त्याने ते ॲपमध्ये टाकलं. मी त्या आठवड्यात पुण्याला मीटिंगला होते. परत आल्यावर मी तपासायला हवं होतं. तपासलं नाही.

त्याला मी कामावरून काढलं आहे. तो मान खाली घालून उभा राहिला. त्याची दया आली, पण तुझ्यापुढं मी त्याला कशी ठेवू? गोष्ट आजच्या आज ॲपमधून काढून टाकली.

तुझी सगळी पत्रं सोबत रजिस्टरने पाठवते आहे. निळं सगळ्यांत वर आहे. माझ्याकडे ती ठेवण्याची माझी लायकी नाही. मामांना मी येऊन भेटू का? त्यांच्या पाया पडून सांगेन की ही सगळी बनवलेली गोष्ट आहे, असे बूट कोणाचेही असतात. ते माझं ऐकतील.

माझ्यावरची माया एकदम तोडू नकोस.

प्रतीक्षा


अकोट,
२ डिसेंबर २०२४

प्रतीक्षास,

गठ्ठा मिळाला. दुकानातच सोडला. पंधरा वर्षांनी माझंच अक्षर वाचलं. निळं पत्र तीनदा वाचलं.

त्यात आईचा आजार आहे. पोत आणि रुमाल आहे. अकरा दिवस आहेत, दादा आहे. मी परतले, तू परतू नकोस, हे आहे.

बूट नाहीत.

बूट मी कधी लिहिले नाहीत. ते मी सांगितले. दादाच्या तेराव्याला, वलगावला, विहिरीच्या काठावर. माणसं जेवून गेली होती. तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून होतीस. ते जाणणारा एकच माणूस होता आणि तो गेला होता, म्हणून सांगितले. तिथं तू होतीस आणि मी होते. मनोज नव्हता.

पत्रं परत पाठवून तू चांगुलपणा केलास. नाही तर मला कळलं नसतं.

तू यायला निघशील म्हणून लिहिते. येऊ नकोस. यांना पुन्हा बनवलेलं काही सांगायचं नाही. मीही एक्केचाळीस वर्षं खोटं बोलले. त्याचं काय ते माझं मी भोगेन. पण ते सांगायचं होतं तर मी सांगायचं होतं, माझ्या तोंडाने, यांना एकट्याला. प्राजक्ताच्या तोंडून जेवताना नाही. परवा शेजारची सून फुलं न्यायला आली आणि बसली. यांनी हार बांधून दिला आणि आत गेले. प्राजक्ताला वाटतं, आपलंच काही चुकलं. तिने बाहेर शिकायचं नाव काढणं सोडलं आहे. ॲपही काढून टाकलं.

त्या मनोजला आधी बोलाव. त्याच्या आईने विचारलं असेल, काहून काढलं तुले. त्याने काय सांगितलं असेल?

यापुढं तुला काही विचारायचं असेल तर तिथंच विचार. तिथली बाई माझ्यासारखीच बोलते असं तुम्हीच म्हणता. तिला माझं सगळं ठाऊक आहे. मला आता वेगळं काही सांगायचं उरलं नाही.

शेवटी नेहमीचं लिहायला पेन टेकवलं होतं. राहू दे.

शकुन


अमरावती,
२१ डिसेंबर २०२४

ती. सौ. शकुन आत्यास,
नमस्कार.

तू वाचशील का माहीत नाही. तरी लिहिते.

मी लिहिलं ते. रविवारी, ऑफिसात कोणी नसताना. पुण्याला गेलेच नव्हते. पत्र साड्यांखालून मीच काढलं. आधी बुटांशिवाय लिहिलं होतं. वाचून पाहिलं तर भिंतीवरची पाटी वाटली. मग बूट घातले. तेव्हा ती मुलगी खरी झाली. मला बरं वाटलं. हे तुला सांगायला हवं, की मला बरं वाटलं.

तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस.

त्या गोष्टीवर मुली थांबल्या. शेवटपर्यंत वाचत होत्या. वरच्या लोकांनी पेढे आणले. मनोजने पहिला पेढा मला दिला आणि विचारलं की ही जमुना तुमच्या कुठल्या पत्रात होती. मी म्हटलं, होती एका पत्रात.

तुझ्या पत्रानंतर त्याला बोलावलं. चौघांसमोर सगळं सांगितलं. वर लेखी दिलं. त्याने उभ्यानेच ऐकलं. एवढंच विचारलं की आत्यांना माझंच नाव काहून सांगितलं. परत यायला तो तयार झाला नाही. हेल्मेट उचललं आणि गेला. मीही ते काम सोडलं आहे. त्याने काही भरून निघत नाही, नुसतं कळवते.

तू तिथंच विचार असं लिहिलं होतंस. मी विचारलं. काल दुपारी, टेबल रिकामं करताना. लिहिलं, आत्याचा विश्वास मी मोडला, आता काय करू.

तिने आधी विचारलं, जेवलीस का.

तुझ्या पत्रात या वेळी ते नव्हतं. मी सगळं पत्र उलटसुलट करून पाहिलं, पाकिटाच्या आतही पाहिलं.

ती पुढं काय म्हणाली ते वाचलं नाही. फोन बंद केला.

प्रतीक्षा